पान नंबर 37

बँकेत हस्ताक्षर चांगले असणे हा एक प्रकारचा गुन्हाच आहे. माझे चांगले आहे. त्यामुळे शाखेत यादी असो, नोटीस असो की श्रद्धांजलीचा फलक असो, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. गेल्या मार्चअखेरची धांदल संपते न संपते तोच साहेबांनी कॉम्प्युटरच्या सूचनांची एक जाडजूड फाइल माझ्या टेबलावर आदळली आणि म्हणाले, "यातलं जुनं जुनं काढून टाका. जरा सुटसुटीत करा."

मी पडलो बी.कॉम. जमा-नावे सोडून मला विशेष काही कळत नाही. पण काढून टाकणे कुणालाही जमते. ही फाइल आमच्या अण्णांनी, म्हणजे निवृत्त हेडक्लार्कांनी, शाईच्या पेनाने लिहिलेली. डॉसच्या काळ्या पडद्यावर पत्र कसे टाइप करावे, विंडोज 98 रुसले तर काय करावे, फ्लॉपी कुठे ठेवू नये ("चुंबकाजवळ व जेवणाच्या डब्याजवळ"), सगळे तपशीलवार. आता विंडोज 98चा हात खुद्द कंपनीनेच 2006 साली सोडला आणि एक्सपीचा 8 एप्रिल 2014 रोजी. मग मी कोण लागून गेलो? सोलापूरच्या भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी 29 पाने टराटरा फाडली. फार गार वाटले.

त्या रविवारी पुण्याचा भाचा आला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता मी त्याला हा पराक्रम ऐकवला. तो म्हणाला, "मामा, आमच्या विममध्येपण असंच झालं." मला वाटले, हा भांडी घासायच्या पावडरीबद्दल बोलतोय. पण विम हे मजकूर लिहिण्याचे एक साधन निघाले. ब्रॅम मूलेनार नावाच्या डच गृहस्थाने 1988 साली अमिगा नावाच्या यंत्रावर ते रचायला घेतले आणि 1991 साली लोकांना दिले. फुकट! फक्त विनंती एवढीच, की आवडले तर युगांडातल्या अनाथ मुलांना मदत करा. हे गृहस्थ 2023 साली वारले. माणूस बँकेत असता तर पहिल्याच ऑडिटला सापडला असता.

तर या विमची आठवी आवृत्ती 12 सप्टेंबर 2016 रोजी निघाली आणि तीत डॉसला नारळ देण्यात आला. कारण काय, तर विमचे अंग इतके भरले होते, की ते डॉसच्या स्मरणात मावेना. ओएस/टू नावाच्या दुसऱ्या एका प्रणालीलाही त्याच वेळी रजा मिळाली. तिचे कारण तर मला आपल्याच एखाद्या कचेरीतले वाटले: कुणी वापरत नाही, त्यामुळे बहुधा ते बऱ्याच दिवसांपासून चालतही नसावे!

"म्हणजे तुम्हीही पानं फाडलीत," मी खुशीत म्हणालो.

"मजकूर काढला, पण पान ठेवलं," भाचा म्हणाला. डॉसचे पान त्याच नावाने त्याच जागी आहे. आत दोन-चार ओळी: इथे पूर्वी डॉसची माहिती होती, तो आधार अमुक नंबरच्या दुरुस्तीत काढला. संपले.

मला हा निव्वळ चोंबडेपणा वाटला. रिकाम्या घराला पाटी कशाला?

बुधवारी एक आजी आल्या. पूर्व भागातल्या, विड्या वळून वळून बोटे काळवंडलेली, मराठीला तेलुगूचा हेल. पिशवीतून ठेवीची 1996 सालची पावती काढली. मालक यंत्रमागावर होते, त्यांनी ठेवलेले 8,000 रुपये. मालक गेले, पावती देवांच्या तसबिरीमागे राहिली. "नातीची नर्सिंगची फी भरायचीय हो साहेब."

दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेव 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण खातेदाराचा वा वारसाचा हक्क बुडत नाही. मागितली तर द्यावीच लागते. अडचण पैशाची नव्हती, नंबराची होती. पावतीवर डॉसच्या जमान्यातला नंबर, आणि आमचा आताचा कॉम्प्युटर तो नंबर ओळखच दाखवीना. जुन्याचा नवा नंबर कसा काढायचा, कोणते रजिस्टर, कोणत्या पेटीत, हे कुठेतरी वाचल्यासारखे वाटत होते. मग आठवले. पान नंबर 37. मीच फाडले होते.

त्या उन्हातही मला थंडी वाजली. आजींना पंख्याखाली बसवले, पाणी दिले आणि शिपायाकडे धावलो. त्याने पाने रद्दीत घातली नव्हती. पाठकोरा कागद कोण टाकतो? चहाच्या हिशेबाला घेतला होता. 37 नंबरच्या पाठीवर माझीच दोन महिन्यांची उधारी! ती भागवली, पान सोडवले, पेटी उघडली, नंबर सापडला. आजींचा अर्ज त्याच दिवशी पुढे गेला.

सरकारने 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आणली, सोळा आण्यांचे शंभर नये पैसे केले. चार आण्यांचे म्हणजे पंचवीस पैशांचे नाणेही 2011 साली बंद झाले. तरी खरे बोलणाऱ्याला आपण सोळा आणे खरा म्हणतो. नाणे गेले, पाटी राहिली.

आणि आमच्या धंद्यात तरी दुसरे काय शिकवतात? खातेवहीत चूक झाली तर खाडाखोड नाही, पान फाडणे तर नाहीच. एक सरळ रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला सही करायची. वीस वर्षे मी हे इतरांना ऐकवत आलो.

मी 29 पाने पुन्हा फाइलला लावली. प्रत्येकावर तांबड्या शाईने एक रेघ मारून लिहिले: "हे आता वापरात नाही. जुने काही शोधायचे असल्यास वाचावे." खाली सही आणि तारीख. 37च्या पाठीमागची उधारीही तशीच ठेवली, रेघ मारून.

फाइल बघून साहेब म्हणाले, "अहो, ही तर आणखी जाड झाली!"

"हो साहेब," मी म्हणालो, "पण आता सुटसुटीत आहे."