‘तमस’ आणि न्यायासनाची कसोटी

१९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानी यांची ‘तमस’ मालिका सुरू झाली. फाळणीच्या दंगलींचे चित्रण पाहून पुन्हा वैर पेटेल, या भयाने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. प्रसारणाला स्थगिती मिळाली. न्यायमूर्ती लेंटिन व सुजाता मनोहर यांनी मात्र संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. त्याने आधार घेतला तो नागपूर उच्च न्यायालयाच्या जुन्या निवाड्याचा : परिणाम तोलावा तो विवेकी, खंबीर माणसाच्या मापाने, दुबळ्या, चंचल मनाच्या नव्हे. दूरचित्रवाणी घराघरांत, लेकरांसमोर बोलते, ही चिंता आम्हालाही आहे. तरीही आधी सारे पाहावे, मगच निवाडा करावा, हा त्या न्यायमूर्तींचा धडा आम्ही जपला पाहिजे.