तुराटीचा कोळसा आणि ठासणीची बंदूक

पुलगावहून आर्वीकडे निघाले की वाटेत रोहणा लागते. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले हे गाव. काळी जमीन, पऱ्हाटी आणि तूर. तूर निघाली की तुराट्यांचे भारे घरी येतात. काही चुलीत जातात, काही कुडाला लागतात. या तुराटीला पूर्वी आणखी एक गिऱ्हाईक होते, बंदुकीची दारू करणारा. हलका आणि चटकन पेट घेणारा कोळसा त्याला हवा असे, आणि तुराटी तो देत असे. शंभर भाग दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक.

अशी दारू तोंडाकडून भरायची ती ठासणीची बंदूक. नळी उभी धरायची, मापाने दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा. आणि प्रत्येक थर लोखंडी गजाने ठासायचा. ठासणे सैल राहिले तर बार फुसका जातो. दारू जास्त पडली तर नळीच फुटते आणि धरणाऱ्याचा हात जातो. त्यामुळे हे काम घाईच्या माणसाचे नव्हते. ‘बार भरणे’, ‘बार काढणे’, ‘फुसका बार’ हे मराठीतले रोजचे शब्द याच कामातून घरात आले.

ठासणीच्या बंदुकीचे घराणे मोठे आहे. सर्वांत जुनी तोडेदार. तिच्या चापात जळती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, अडकवलेली असे. चाप ओढला की जामगी रंजकावर, म्हणजे पेट देणाऱ्या बारीक दारूवर, टेकायची, रंजकाची आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत जायची आणि बार उडायचा. पाऊस आला की जामगी विझे आणि रंजक भिजे. पुढे गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी चकमकी बंदूक आली. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट 1807 मध्ये घेतले. त्यातून तांब्याची टोपी निघाली आणि पावसाची अडचण बरीच मिटली.

रोहण्याच्या मुलखाने या बंदुकांचा काळ फार जवळून पाहिला. 29 नोव्हेंबर 1803 रोजी वऱ्हाडात अडगावला नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांपुढे पराभव झाला. 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. नदीच्या पूर्वेची आर्वीची बाजू भोसल्यांकडेच राहिली, म्हणजे हा पट्टा एका रेघेत सरहद्द झाला. पुढे नोव्हेंबर 1817 मध्ये नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई पेटली, तेव्हा आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेत अरब बंदुकधारी होते. लांब नळीच्या तोडेदार बंदुका हे त्यांचे मुख्य बळ. आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही या अरबांनी नागपूर शहर काही दिवस सोडले नाही.

1857 मध्ये ज्या काडतुसावरून आग भडकली, ते काडतूसही ठासणीच्याच हत्याराचे होते. एन्फिल्ड रायफलच्या नळीला आतून आटे होते, पण ती भरायची तोंडाकडूनच. काडतुसाचा चरबी लावलेला कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. त्या उठावानंतर सरकारने देश नि:शस्त्र करायला घेतला आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती पक्की केली. युरोपियनांना सूट आणि शेतकऱ्याला परवाना, हा उघड अन्याय होता. गांधीजींनी 1918 मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला इंग्रजी राज्याच्या कुकर्मांतले सर्वांत काळे ठरवले होते. अहिंसेच्या उपासकाने हे लिहिले. तेच गांधीजी 1936 मध्ये याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, राहायला आले.

स्वतंत्र भारताने मात्र या बंदुकीला तिची खरी ओळख दिली. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे, आणि तोही पीकसंरक्षणासाठी. खऱ्या गरजेपोटी शेतकऱ्याने मागितली तर परवाना द्यावा. ती पुरी पडणार नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येईल, असे कलम सांगते. ज्याने रात्रभर माळ्यावर बसून जागल केली आहे आणि सकाळी रानडुकरांनी उकरलेले शेत पाहिले आहे, त्याला या कलमाचे मोल वेगळे सांगायला नको. विदर्भात डुकरांइतकाच त्रास रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा. रिकामा बार काढला तरी कळप पांगतो. बंदुकीचे निम्मे काम आवाजच करतो. शिकारीला मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बांध घातला, आणि तो घालायलाच हवा होता.

पूर्व विदर्भात हीच बंदूक ‘भरमार’ म्हणून ओळखली जाते. गडचिरोलीच्या बातम्यांत हा शब्द नक्षलवाद्यांकडून जप्त झालेल्या हत्यारांच्या यादीत येतो. त्यामुळे शेताची राखण करणारे साधे अवजार म्हणून तिची जी ओळख होती, ती पुसत चालली आहे. हे नुकसान लहान नाही.

जगात इतरत्र या बंदुका आजही हौसेने जपल्या आणि चालवल्या जातात. अमेरिकेत तोंडाकडून भरायच्या रायफलींच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना 1933 मध्ये उभी राहिली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोडेदार बंदुकीच्या एका प्रकाराला ‘तानेगाशिमा’ असे नाव आहे. 1543 मध्ये पोर्तुगीज बंदूक जपानमध्ये पहिल्यांदा उतरली, त्या बेटाचे हे नाव. जपान्यांनी आपली तोडेदार जगाच्या मैदानावर नेली. पेशव्यांच्या आणि भोसल्यांच्या फौजांत त्याच जातीचे हत्यार होते. आपल्याकडे ते संग्रहालयाच्या काचेआड पाहायचे, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात.

घरातल्या माळवदावर किंवा धान्याच्या कोठीमागे अशी एखादी गंजलेली नळी सापडली, तर ती भंगारात घालू नका आणि लपवूनही ठेवू नका. दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा पुराणवस्तूला 1959 च्या कायद्याच्या 45 व्या कलमाने सूट आहे. पण बंदूक चालू शकणारी असेल तर परवान्याचे काय, याची खात्री करून घ्या. पोलिसांना कळवा, संग्रहालयाला विचारा. आणि त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसून गज, कान, रंजक, जामगी या प्रत्येक भागाला तो काय म्हणतो ते वहीत उतरवून घ्या.