गढी, तैनाती फौज आणि संगणकयुगातील पेंढारी



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरकरणी संगणकतज्ज्ञांचा वाटेल. हॅकर या नावाने ओळखले जाणारे संगणकी घुसखोर बँकांवर, रुग्णालयांवर, सरकारी कचेऱ्यांवर घाला घालतात. त्यांच्यापासूनचे संरक्षण राष्ट्राने स्वतः उभारावे, की ज्याची मालमत्ता त्याने ती राखावी, हा तो प्रश्न होय. मराठीच्या एका जुन्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हाच प्रश्न वेगळ्या रूपात दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखाला पडला होता, आणि तो नीट न सुटल्यामुळे एक राज्य लयास गेले.

आज पांढुर्णा जिल्ह्यात मोडणारा सौंसर-मोहगावचा हा प्रदेश तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले. घटलेले उत्पन्न भरून काढण्यासाठी उरलेल्या रयतेवर नवे कर बसले. तरीही फौजेचे पगार तुंबले, आणि पोटासाठी शिपाईच कुणब्यांना नाडू लागले. अशा खिळखिळ्या झालेल्या राज्यावर नर्मदाकाठच्या पेंढाऱ्यांची नजर न जाती तरच नवल.

पेंढाऱ्यांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. दसरा उलटला आणि नद्यांना उतार झाला की त्यांच्या टोळ्या निघत. जवळ तंबू नाहीत, तोफा नाहीत, रसद नाही. घोडा, भाला आणि वाटेत मिळेल ती लूट एवढ्यावर त्यांचा निर्वाह. कोणताही मुलूख जिंकून राखण्याची त्यांना हौस नव्हती. बेसावध गाव गाठायचे, हाती लागेल ते उचलायचे आणि फौज येण्यापूर्वी दिसेनासे व्हायचे, एवढेच त्यांचे युद्धशास्त्र. १८१६ च्या मार्चमध्ये त्यांनी दूरच्या गुंटूर जिल्ह्यात बारा दिवसांच्या आत ३३९ गावे लुटली. त्याआधी १८११ च्या नोव्हेंबरात ते थेट नागपुरापर्यंत आले होते आणि त्यांनी राजधानीचे एक उपनगर जाळले होते.

राजा राखीत नाही असे दिसल्यावर गावांनी स्वतःची सोय पाहिली. नागपूर प्रांतातील गावोगावच्या मातीच्या गढ्यांपैकी बहुतेक या धामधुमीत उभ्या राहिल्या. पेंढारी आल्याची हाकाटी झाली की माणसे गढीत शिरत व तटाआडून जिवाच्या करारावर लढत. या गढ्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण गढीने जीव वाचे, तटाबाहेरचे सर्वस्व जाई. शिवाय एका गढीचा दुसरीला उपयोग नव्हता. एका गावाने धाड परतवली की ती पुढच्या गावावर जाई, इतकेच.

रघूजींनी इंग्रजांची तैनाती फौज हयातभर नाकारली. स्वाभिमानाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु नकार देणे आणि तयारी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांनी पहिली केली, दुसरी केली नाही. मार्च १८१६ मध्ये ते निवर्तले, आणि मे महिन्यात आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा तह केला. गादीवरील आपली पकड बळकट करणे हा त्यामागचा मोठा हेतू होता; पण पेंढाऱ्यांच्या भयाने त्या तहाला एक सबळ निमित्त मिळवून दिले. पुढे काय घडले ते सर्वविदित आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेबांच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली ती राजधानीच्या उशाशी, सीताबर्डीच्या टेकडीवर. संरक्षणासाठी बोलावलेले दारातच बसले होते. पराभवानंतर पदच्युत झालेले आप्पासाहेब १८१८ च्या मे महिन्यात कैदेतून निसटले आणि आपल्या उत्तरेकडील महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांच्या आश्रयाला गेले. तेथे त्यांना येऊन मिळालेल्यांत चितू पेंढारीही होता. ज्यांच्यापासून राज्य राखायचे होते त्यांच्यापैकीच एकाची सोबत शेवटी राजाच्या नशिबी आली. १८५४ मध्ये उरलेसुरले राज्यही खालसा झाले.

आता आजच्या काळाकडे येऊ. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, मराठी मध्यमवर्गाच्या बचतीवर वाढलेली संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, तिच्या एटीएम व्यवहारांची शहानिशा करणाऱ्या यंत्रणेत घुसखोरांनी आपली खोटी यंत्रणा बसवली. बनावट कार्डांवरून मागणी येई आणि बँकेला पत्ता न लागता खोटी यंत्रणा तिला होकार देई. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली. आपल्या देशातही कोल्हापूरसारख्या ठिकाणी भाडोत्री माणसे कार्डे घेऊन उभी होती. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने मात्र आपल्या २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. म्हणजे पोलिसांच्या हाती लागले ते भाले वाहणारे. टोळीचा तळ परमुलखातच राहिला.

येथे गढीची मर्यादा पुन्हा दिसते. बँकेने आपला तट भक्कम करावा हे खरे; पण ज्या टोळीमागे एखादे राज्य उभे असेल तिच्याशी एका सहकारी बँकेने एकटीने झुंजावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. दुसरी अडचण मनुष्यस्वभावाची. लुटली गेलेली संस्था अब्रूपायी गप्प बसते, आणि तिच्या मौनामुळे शेजारची बेसावध राहते. गावोगावची हाकाटी एकत्र ऐकणारा आणि सर्वांना वेळेवर दवंडी देणारा कोणी तरी हवा. ते काम राष्ट्राचेच.

आपल्या देशाने ते हाती घेतले आहे. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला, २००४ मध्ये संगणकी आपत्तींना तोंड देणारे केंद्रीय पथक कामास लागले, २०१४ मध्ये वीज, बँका, दळणवळण अशा मर्मस्थानांसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. २०२२ मध्ये, असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत त्याची वर्दी दिलीच पाहिजे, असा नियम झाला. ही हाकाटी सक्तीची झाली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

परंतु दवंडी आपली आणि शस्त्रागार दुसऱ्याचे, अशी स्थिती अजून बरीचशी आहे. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर, तिच्यातील रशियन भागीदारीमुळे, युरोपीय संघाने निर्बंध घातले. लागलीच मायक्रोसॉफ्टने तिच्या संगणकसेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांनी त्या पूर्ववत झाल्या. येथे कोणी घुसखोर नव्हता, कोणताही भारतीय कायदा मोडलेला नव्हता. तरी दुसऱ्या खंडातील निर्णयाने आपल्या भूमीवरील एका मोठ्या कारखान्याचे दप्तर अडले. तैनाती फौज याहून वेगळी काय असते? परदेशी विद्या घेऊ नये असे मी म्हणत नाही. महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून कवायती फौज उभी करून घेतली, ते शहाणपणच होते. पण कुलपाची एक तरी किल्ली घरात असावी.

दोन इशारे मात्र दिले पाहिजेत. पेंढारी आकाशातून पडले नव्हते. मराठी फौजांबरोबर बिनपगारी, लुटीवर जगणारे पथक म्हणून आपल्याच सरदारांनी त्यांना बाळगले होते. शत्रूवर सोडण्यासाठी आज एखादे सरकार घुसखोरांना पदरी बाळगील, तर ते उद्या कोणाचे घर फोडतील याचा भरवसा नाही. ज्यांना ठेवायचे त्यांना उघड पगारावर आणि कायद्याच्या शिस्तीत ठेवावे. दुसरे असे की, वेशीवरच्या पहारेकऱ्याने घरातली पत्रे वाचू नयेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. संरक्षणाच्या नावाखाली तो हक्क झिजू लागला, तर भोसल्यांच्या शिपायांकडून नाडल्या गेलेल्या कुणब्याची गत आपली होईल.

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे. राष्ट्राने आपले संरक्षण स्वतः उभारावे. ते पगारी, शिकलेल्या आणि न्यायालयाला उत्तरदायी असलेल्या माणसांच्या बळावर उभारावे. आणि गावची गढी मोडू नये. २००७ मध्ये एस्टोनिया या चिमुकल्या देशाची सरकारी कार्यालये, बँका आणि वृत्तपत्रे संगणकी हल्ल्याने ठप्प झाली. त्यानंतर तेथील जाणत्या नागरिकांचे स्वयंसेवक पथक उभे राहिले. नोकरी सांभाळून ते देशाच्या संगणकांची राखण करतात. आपल्या शाळेतून शिकून नागपूर-पुण्याकडे आणि परदेशी संगणकाच्या क्षेत्रात गेलेली मुले या सभागृहात थोडी नाहीत. वर्षातून आठ दिवस त्यांनी येथे यावे, नववी-दहावीच्या मुलांना हे शास्त्र शिकवावे, आणि बाजारातल्या व्यापाऱ्याला व कापूस-संत्री विकून आलेल्या शेतकऱ्याला फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवण्याची सवय लावावी. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी आयुष्यभर शिकवण्याचेच काम केले. ते पुढे नेण्याची ही एक रीत आहे, असे मी नम्रपणे सुचवतो आणि आपली रजा घेतो.