वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल)

शुद्ध हरपल्यावर कृत्रिम उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, हे आधीच लिहून ठेवणारा दस्तऐवज. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मधील मृत्यूपर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. जिवापाड शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचाही या याचिकेला विरोध होता. याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट मात्र खुली केली. २०१८ मध्ये इच्छापत्राला मान्यता मिळाली, पण किचकट प्रक्रियेमुळे ती कागदावरच राहिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. मुंबईत इच्छापत्राची प्रत महापालिकेच्या विभागीय आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावी : मुलुंडकरांनी टी, घाटकोपरकरांनी एन विभागात. इच्छापत्र नसल्यास नातेवाइकांची संमती लागते. दोन्ही वेळी दोन वैद्यकीय मंडळांचा होकार आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना पूर्वसूचना बंधनकारक आहे.