मंत्रजप आणि ध्यान : उगम व आपल्या महालांतील परंपरा

श्रींच्या कृपेने प्रसिद्ध होत असलेल्या या स्मरणिकेत देवालयाचे बांधकाम, पालखी, अवसर, उत्सव यांविषयी अधिकारी लेखकांनी लिहिलेच असेल. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. त्याचा अधिकार तो काय? तथापि गतवर्षी नातवाची मुंज झाली, आणि आठव्या दिवशी त्याने संध्येच्या पळीपंचपात्रासमोर बसून विचारले, ‘‘आजोबा, ह्या मंत्राचा अर्थ काय? आणि अर्थ ठाऊक नसला तर चालते का?’’ पन्नासाहून अधिक वर्षे जो मंत्र मी म्हणत आलो, त्याचा अर्थ मला अडखळत सांगावा लागला. खरे सांगायचे तर नोकरीच्या काळात कागदांवर शिक्के मारावेत तशी मी संध्या उरकीत असे. त्या लज्जेतून पुढे जे वाचन घडले, त्याचा हा गोषवारा.

नातवाचा प्रश्न नवा नाही, हे कळल्यावर थोडे हायसे वाटले. यास्काचार्यांच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदलेले आहे : मंत्रांना अर्थच नसतो. वेदांचा अर्थ लावण्यासाठी रचलेल्या ग्रंथातच हा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडलेला आहे, हे आपल्या पूर्वजांचे औदार्य. यास्कांचे उत्तर असे की, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. अलीकडच्या काळात फ्रिट्स स्टाल या डच पंडिताने कौत्साचीच बाजू पुन्हा उचलली. मंत्र हे भाषेच्याही आधीचे ध्वनी असावेत, पक्ष्यांच्या गाण्याशी त्यांचे नाते असावे, असे त्याने प्रतिपादन केले.

वेदकाळी मंत्र हा मुख्यतः यज्ञाचा; तो उच्चस्वराने म्हणावयाचा. तो ध्यानाचे साधन कसा झाला, याची वाट मनुस्मृतीत स्पष्ट दिसते. विधियज्ञाहून जप दहापट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शंभरपट, आणि मानसजप सहस्रपट, अशी ती चढण आहे. गीतेतही विभूती सांगताना भगवंतांनी यज्ञांमध्ये जपयज्ञाचा मान आपल्याकडे घेतला. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात प्रणवाचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना ही दोन्ही एकत्र सांगितली. नुसता जप नव्हे आणि नुसता अर्थही नव्हे. नातवाला द्यावयाचे उत्तर मला तेथे सापडले.

गायत्रीचेच पाहा. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील ६२ व्या सूक्ताची ती १० वी ऋचा. ऋषी विश्वामित्र, देवता सविता. गायत्री छंदाचे तीन चरण आठ-आठ अक्षरांचे, म्हणजे २४ अक्षरे. परंतु आपण म्हणतो ती मोजली तर २३ च भरतात. पहिल्या चरणातील एक शब्द फोडून म्हटला तर उणीव भरून निघते. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाला ही एका अक्षराची तूट इतकी वर्षे कळली नव्हती, हे नमूद करतो.

ॐकारावरील मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचे. त्यावर गौडपादाचार्यांनी कारिका रचल्या. आपल्यापैकी जी कुळे कवळे मठाची शिष्य आहेत, त्यांच्या गुरुपीठाचे नावच मुळी गौडपादाचार्यांचे आहे. हा मठ पूर्वी जुन्या सासष्टीत होता; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मछळात तो नष्ट झाला, पण परंपरा तुटली नाही. पर्तगाळी मठाच्या वैष्णव शिष्यांकडे नामजपावर भर अधिक. त्या मठाची स्थापना १४७५ ची. २०२५ मध्ये झालेल्या ५५० व्या वर्षाच्या निमित्ताने ५५० कोटी रामनामजपाचा संकल्प सोडण्यात आला होता.

कोटींची गणती निघाली म्हणून डिचोली महालातील नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराकडे वळतो. कदंबांचे हे कुलदैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. तेथील देवालय पोर्तुगिजांनी पाडल्यावर लिंग नदीपार आणले गेले. १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी जीर्णोद्धाराची आज्ञा केली, त्याचा शिलालेख द्वारावर आहे. सप्तर्षींनी सात कोटी वर्षे तप केले म्हणून हे नाव, अशी कथा सांगतात. परंतु शैवागमांत महामंत्रांची संख्याच सात कोटी मानली आहे. देवाच्या नावात तो संकेत दडला असेल काय? ही माझी केवळ शंका. जाणकारांनी विचार करावा.

आता आपल्या मुलखाची खरी देणगी. नाथपंथाचा ध्यानमंत्र कोणाच्या जिभेवर नसतो. श्वास बाहेर जाताना ‘ह’ आणि आत येताना ‘स’ असा नाद प्रत्येक प्राणिमात्रात चाललेलाच आहे. ‘हंस हंस’ म्हणता म्हणता तोच ‘सोऽहम्’ होतो. ह्याला अजपाजप म्हणतात. दिवसाचे श्वास २१,६०० धरलेले आहेत, म्हणजे मिनिटास पंधरा. पडताळा घेतला, तर आजचे वैद्यकही स्वस्थ माणसाचे श्वास साधारण तितकेच सांगते.

ह्या पंथाचे आपल्या सीमेवरचे थोर पुरुष म्हणजे सोहिरोबानाथ आंबिये. जन्म १७१४, सावंतवाडी संस्थानातील बांदे येथे; वृत्तीने गावचे कुलकर्णी, म्हणजे आमचेच जातभाई लेखणीवाले! दरबाराच्या बोलावण्यावरून सावंतवाडीस निघाले असता इन्सुलीच्या रानात फणस फोडून खात बसले. तेव्हा गहिनीनाथांनी दर्शन देऊन अनुग्रह केला, अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांचे परमगुरू गहिनीनाथ पाचशे वर्षांनी कसे भेटले, असे इतिहासकार विचारील. भाविक त्यावर केवळ हसेल. निर्विवाद एवढेच की या कुलकर्ण्याने दप्तर सोडले आणि ‘सिद्धान्तसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’ असे ग्रंथ रचले. पुढे उत्तरेत जाऊन १७९२ च्या सुमारास उज्जयिनीहून ते दिसेनासे झाले. त्यांचे नाव आज पेडण्यातील विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयास आहे. दप्तर सोडण्याचे धैर्य मला झाले नाही. निवृत्तीच्या वयापर्यंत मी वाट पाहिली.

सोहिरोबांच्या हयातीत डिचोली आणि पेडणे हे सावंतवाडीकरांचे महाल होते. पेडणे १७८८ मध्ये आणि डिचोली त्यापूर्वी काही वर्षे पोर्तुगिजांकडे गेली. नव्या काबिजादींत धर्मास हात न लावण्याचे वचन असल्यामुळे तिसवाडी, बारदेश, सासष्टीतील हिंदूंनी भोगले ते आपल्या पूर्वजांच्या वाट्यास त्या प्रमाणात आले नाही. पुढे महाजनकीचे नियम झाले. १९३३ च्या नियमावलीत अंदाजपत्रक, दागिने, सेवेकरी सर्वांस रकाने आहेत; जपाला रकाना नाही, हे एका परीने बरेच झाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. गायत्री आम्हां मुंज झालेल्या पुरुषांकडेच राहिली. माझ्या आजीला ती कोणी दिली नाही. ती पहाटे तुळशीमण्यांची माळ ओढीत रामनाम घेई आणि त्यात इतकी बुडून जाई की चुलीवरचे दूध उतू गेले तरी तिला कळत नसे. घरात ध्यान कोणाला लागत होते, असे आज कोणी विचारले तर मी आजोबांचे नव्हे, तिचे नाव सांगेन.

शेजारच्या ख्रिस्ती घरांतून संध्याकाळी तेर्साचा स्वर येई, तेव्हा ती म्हणे, ‘‘त्यांचीही माळ चालली.’’ २००१ मध्ये इटलीतील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ जणांवर प्रयोग करून ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला : लॅटिनमधील तेर्साची प्रार्थना असो वा तिबेटी बौद्धांचा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटास सुमारे सहांवर येतो आणि हृदयाची लय सुधारते. ख्रिस्ती माळ पूर्वेकडून अरबांमार्फत युरोपात गेली असावी, असेही त्यांनी सुचविले आहे. आजीचे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवले.

आज हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनारी परदेशी पाहुणे शुल्क भरून मंत्रध्यान शिकतात. त्यांना हसण्याचा अधिकार आपणांस नाही. ते निदान डोळे मिटून बसतात. आपल्या सभामंडपात तोच मंत्र ध्वनिक्षेपकावरून यंत्र म्हणत असते आणि आपण खांबाला टेकून गोष्टी करीत असतो.

नातवाने गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत माझी परीक्षा घेतली. मोबाइलवर घड्याळ लावून तो समोर बसला, मी १०८ गायत्री केल्या. प्रारंभी मिनिटास चौदा श्वास, शेवटी आठ. सहांपर्यंत मी पोचलो नाही. मग त्याने वही काढली, आणि प्रत्येक शब्दाखाली अर्थ लिहून घेतला. ‘धी’ या शब्दापाशी आम्ही दोघेही बराच वेळ अडलो होतो.