मेंदू ते माकडहाड : एका किरणोपचाराची कुळकथा

मेंदू आणि मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून उतरणारा मज्जातंतूंचा दोर, या दोहोंभोवती जो नितळ द्रव खेळता असतो त्याला वैद्यकात ‘मस्तिष्क-मेरुद्रव’ म्हणतात, तर रुग्णाचे नातेवाईक त्यालाच ‘मणक्यातले पाणी’ म्हणतात. लहान मेंदूत वाढणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगी गाठीच्या पेशी याच पाण्यात गळतात आणि खाली कण्यात रुजतात.

पर्सिव्हल बेली व हार्वे कुशिंग यांनी १९२५ मध्ये या गाठीचे नामकरण केले. परंतु १९३० मध्ये कुशिंग यांनी मांडलेल्या ६१ रुग्णांपैकी तीन वर्षे जगलेला एकच होता. रोग गाठीपुरता नसून पाण्याच्या सगळ्या वाटेवर आहे, हे ओळखून मँचेस्टरच्या एडिथ पॅटरसन व फार यांनी मस्तकापासून कण्याच्या शेवटापर्यंत किरणोपचार दिले आणि १९५३ मध्ये २७ रुग्णांत तीन वर्षे जगण्याचे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेल्याचे नोंदवले.

या तंत्रात गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा घडवतात, म्हणजे डोके रोज त्याच जागी राहते. मग डोक्याला दोन्ही बाजूंनी आणि कण्याला पाठीकडून, माकडहाडाच्या थोडे वरपर्यंत, किरण दिले जातात. खरी कसोटी असते ती मानेजवळच्या सांध्याची, कारण दोन झोत एकमेकांवर चढले तर मेरुरज्जू भाजतो आणि मध्ये फट राहिली तर पेशी वाचतात. म्हणून हा सांधा काही दिवसांनी थोडा थोडा सरकवत नेतात. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ पासून प्रोटॉनचे किरण मिळू लागले असून, ते कण्यापाशीच थांबत असल्याने हृदय व आतडी वाचतात.

प्रौढांत ही गाठ दुर्मीळ असते आणि त्यांच्यात ती परतते तीही पुष्कळदा अनेक वर्षांनी. फुलंब्रीसारख्या गावातून जवळच्या छत्रपती संभाजीनगरात किंवा मुंबईत उपचार घेऊन घरी आलेल्या रुग्णाची पाठ दुखू लागली, पाय जड झाले किंवा लघवी अडली, तर तो शेतीकामाचा शीण समजला जाण्याचा संभव असतो; अशा वेळी केवळ डोक्याचा नव्हे तर संपूर्ण कण्याचा एमआरआय काढावा लागतो. पॅटरसन यांनी उपचारासाठी जी वाट धरली, तीच तपासणीलाही शेवटपर्यंत चालावी लागते.