पर्यायी किमान कर आणि नफ्यावरील वजावटी : मुंबईच्या उपनगरांतील अनुभव

प्राप्तिकराच्या कायद्यात ‘वजावट’ हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला गेला आहे. बोरिवलीतील एखादा पगारदार विम्याचा हप्ता भरून १९६१ च्या कायद्याच्या कलम ८०-सी खाली तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा करून घेत असे. ही बचतीची वजावट. मुलुंडमधील घरबांधणी करणारी भागीदारी संस्था किंवा अंधेरीच्या सीप्झमधील निर्यातदार आपल्या धंद्याचा सबंध नफाच वजा करून घेई; ही नफ्याची वजावट. पर्यायी किमान कराने पहिलीस हात लावला नाही. त्याचा सारा रोख दुसरीवर होता.

ही कल्पना मूळची अमेरिकेतील. तेथे १९६७ साली दोन लक्ष डॉलरांहून अधिक उत्पन्न असलेल्या १५५ व्यक्तींनी काहीच प्राप्तिकर भरला नाही, असे १९६९ च्या जानेवारीत काँग्रेसपुढे सांगण्यात आले आणि त्याच वर्षी किमान कर आला. भारतात १९८३ साली कलम ८०-व्हीव्हीए ने कंपन्यांच्या सवलतींवर मर्यादा घातली. १९८७ च्या वित्त कायद्याने पुस्तकी नफ्याच्या ३० टक्क्यांवर कर बसविला. परंतु हे सर्व कंपन्यांपुरते होते. भागीदारी संस्था व व्यक्ती त्यातून सुटल्या आणि तोच धंदा कंपनीऐवजी भागीदारीत करणे फायद्याचे ठरले. २०११ साली मर्यादित दायित्वाच्या भागीदारींवर पर्यायी किमान कर आला, तो कंपन्यांचे अशा भागीदारींत रूपांतर होऊन करपाया झिजू नये म्हणून. पुढल्याच वर्षी तो कंपनीखेरीज इतर सर्व करदात्यांना लागू झाला. नफ्याच्या वजावटी उत्पन्नात परत मिळवावयाच्या, येणाऱ्या ‘समायोजित’ उत्पन्नावर १८.५ टक्के कर काढावयाचा आणि नेहमीचा कर त्याहून कमी भरत असेल तर हा भरावयाचा, अशी त्याची रीत. व्यक्ती व अविभक्त हिंदू कुटुंबे यांना वीस लक्ष रुपयांपर्यंत सूट होती. भागीदारी संस्थांना ती नव्हती. सहकारी संस्थांची कलम ८०-पी ची वजावट मात्र वगळलेली राहिली.

ह्या विस्ताराची वेळ उपनगरांतील घरबांधणीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कलम ८०-आयबी(१०) खाली किमान एक एकर भूखंडावर, मुंबईत एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठी नसलेली घरे बांधल्यास नफा पूर्णतः वजा होई. मंजुरीची मुदत मार्च २००८ अखेर संपली. २००७-०८ मध्ये मंजूर झालेला प्रकल्प पाच वर्षांत, म्हणजे ३१ मार्च २०१३ पर्यंत, पुरा करावयाचा होता. आणि भागीदारी संस्थांना नवा कर लागू झाला तो नेमका २०१२-१३ च्या उत्पन्नापासून. इमारत पुरी झाल्यावरच नफा दाखविण्याची हिशेबपद्धती ज्यांनी धरली होती, त्यांचा सर्व नफा त्या एका वर्षात सापडला. टप्प्याटप्प्याने नफा दाखविणाऱ्याचे बरेचसे उत्पन्न तोवर सुटून गेलेले होते. एकाच रस्त्यावरील दोन सारख्या इमारतींच्या नफ्यावर असा निराळा कर पडू शकत होता, आणि त्याचे कारण हिशेबाच्या वहीत होते.

ह्यावर सरकारी बाजूचे उत्तर असे, की हा कर वाया जात नाही. जादा भरलेली रक्कम क्रेडिट म्हणून पुढे ओढता येते. पण केवळ एका प्रकल्पापुरत्या स्थापन झालेल्या संस्थेला पुढे करपात्र उत्पन्नच नसेल, तर ते क्रेडिट वापरावयाचे कशात?

सीप्झच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक लांबणीचा झाला. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन झालेले व पुढे जडजवाहिरांच्या कारखान्यांनी भरलेले हे क्षेत्र २००० साली विशेष आर्थिक क्षेत्र बनले. कलम १०-एए खाली तेथील नव्या कारखान्यास पहिली पाच वर्षे पूर्ण, पुढील पाच वर्षे निम्मी आणि नफा पुनर्गुंतवणुकीच्या राखीव निधीत टाकल्यास आणखी पाच वर्षे निम्म्यापर्यंत वजावट होती. दरसाल एक कोटी निर्यात-नफा मिळविणारी भागीदारी संस्था कल्पावी आणि अधिभार व उपकर बाजूस ठेवावे. पहिल्या पाच वर्षांत नेहमीचा कर शून्य, किमान कर १८.५ लक्ष. सहाव्या वर्षी निम्म्या नफ्यावर ३० टक्क्यांनी १५ लक्ष. तरीही किमान कर ३.५ लक्षांनी वरचढच. वजावट नफ्याच्या सुमारे ३८ टक्क्यांहून अधिक असेतो हेच घडणार. म्हणजे संस्थेने सर्व पंधरा वर्षे सवलत घेतली तर क्रेडिट वापरण्याची पहिली संधी सोळाव्या वर्षी. मूळ कायद्यात क्रेडिट पुढे नेण्याची मुदत दहाच वर्षांची होती. तोवर पहिल्या वर्षांची रक्कम बुडालेली. २०१७ साली मुदत पंधरा वर्षे झाली. तरी सोळाव्या वर्षी ३० लक्षांच्या नेहमीच्या करातून किमान कराच्या वर उरणारे ११.५ लक्षच वळते होतात. पहिल्या वर्षाच्या १८.५ लक्षांपैकी सात लक्ष तेथेच संपतात. लांबणीवर टाकलेला कर म्हणून ज्याची ओळख करून दिली गेली, त्याचा काही भाग असा कायमचाच ठरला.

२०२० च्या वित्त कायद्याने आणखी एक वाट काढली. कलम ११५-बीएसी ची कमी दराची पद्धती स्वीकारणाऱ्या व्यक्तीस कलम १०-एए सोडावे लागे. त्यासोबत पर्यायी किमान करही सुटे. भागीदारी संस्थांना ही वाट खुली नव्हती. एकमालकी कारखानदाराला होती, पण ती धरताच पूर्वी साठलेले क्रेडिट त्याला वापरता येत नसे.